नाम्फामेची फणी

कार्थेजच्या मुलखातल्या एका गावात गार्गिलियुस गुरुजींची शाळा बाजारातल्या खांबांच्या ओवरीत भरायची. एका जाड पडद्याच्या आत वीसेक पोरं, आणि बाहेर कांदे-लसूण विकणाऱ्यांचा ओरडा. त्या दिवशी गुरुजी पोरांकडून देवांच्या राजाची गोष्ट घोकून घेत होते. तो बैल कसा झाला, किनाऱ्यावर खेळणाऱ्या राजकन्येला पाठीवर घेऊन समुद्रात कसा शिरला, ही गोष्ट. ती संपते न संपते तोच पडद्याबाहेर कुणीतरी हसलं.

गुरुजींनी पडदा सारला. बाहेर विशीतली एक दासी उभी होती. तिच्या हातात लाकडी ठोकळा होता आणि त्यावर मालकिणीचा पिवळ्या केसांचा टोप. अंगठ्यावर भाजल्याचा जुना डाग होता, केस कुरळे करणाऱ्या बायकांच्या हातावर असतो तसा.

"काय गं, हसायला काय झालं?"

"काही नाही गुरुजी. आमच्या तबेल्यातल्या माणसाने गेल्या महिन्यात शेजारची मुलगी अशीच पळवली. बाईसाहेबांनी त्याला खांबाला बांधून फोडला. इथे पोरं तेच पाठ करतायत, म्हणून हसू आलं."

पोरं फिदीफिदी हसली. गुरुजींनी "चूप" म्हणून पडदा ओढून घेतला, पण त्या दिवशी शिकवण्यात त्यांचं मन लागेना. दासी बोलली ते त्यांच्याही मनात अनेकदा येऊन गेलं होतं, आणि दर वेळी त्यांनी ते घडी घालून आत ठेवून दिलं होतं.

तिचं नाव नाम्फामे. जुन्या बोलीत या नावाचा अर्थ चांगल्या पायगुणाची. फाबियाबाईंनी तिला विकत घेतली ती या नावावरच. फाबियाबाईंचं घर गावात सगळ्यांत मोठं, आणि कैलेस्तिस देवीच्या पुजारिणीचा मान त्यांच्याकडे. पेरणीच्या आधी देवीला न्हाऊ घालत, नवी वस्त्रं नेसवत आणि तिची वेणीफणी करत. मूर्तीच्या डोक्याला हात लावायची कुणाला मुभा नव्हती. म्हणून फणी करणारीने तीन हात लांब उभं राहायचं आणि हवेतच फणी चालवायची, भांग पाडायचा, बटा वळवायच्या. समोर दुसरी बाई चांदीचा आरसा धरून उभी राही. देवी प्रसन्न झाली की पाऊस पडतो, असं सगळे मानत. पायगुणाची म्हणून हे काम नाम्फामेकडे आलं, आणि अकरा वर्षं ते तिच्याकडेच राहिलं. मधल्या काळात फाबियाबाईंनी तिला दास्यातून मोकळं केलं. अट दोनच गोष्टींची: दर बाजाराच्या दिवशी बाईसाहेबांचे केस, आणि वर्षातून एकदा देवीचे. फणी, सळया, चिमटे यांची हस्तिदंती पेटी घराण्याची होती, पण वापरायला तिच्याकडे दिली. त्या पेटीवर तिचं पोट चालायचं. गावातल्या बऱ्या घरांतून तिला बोलावणी येत.

गुरुजींच्या घरीही ती येऊ लागली. गुरुजींच्या पत्नी पोंतियाबाईंचे केस लांब आणि राठ, आवरता आवरत नसत. अंगणात अंजिराखाली त्या पाटावर बसायच्या, नाम्फामे मागे उभी, आणि समोर बाकावर गुरुजी. शाळेतली पोरं सोडली तर गुरुजींचं ऐकणारं कुणी उरलं नव्हतं. नाम्फामे ऐकायची, आणि उलट विचारायचीही.

मग तापाचं वर्ष आलं. नाम्फामे ती राहायची त्या, दोरखंडवाल्याच्या मागच्या खोलीत एकटी पडून होती. फाबियाबाईंकडून डाळिंबं आली, पण जवळ बसायला माणूस आलं नाही. आली ती शेजारची लोकर पिंजणारी विधवा. तिने पेज पाजली, आणि तापात जटा झालेले नाम्फामेचे केस कापून न टाकता तीन दिवस बसून एकेक गाठ सोडवली. दुसऱ्यांच्या डोक्यात आयुष्य गेलेल्या बाईचं डोकं पहिल्यांदाच कुणीतरी मांडीवर घेतलं होतं. ती विधवा ख्रिस्ताच्या माणसांतली होती. ताप उतरला आणि नाम्फामे तिच्याबरोबर त्यांच्या सभेला जाऊ लागली. चांगुलपणाच्या सहा व्याख्या गुरुजींना पाठ होत्या. त्या तापात ते त्या खोलीकडे फिरकले नव्हते, आणि हे त्यांना नंतर फार दिवस टोचत राहिलं.

पेरणी जवळ आली. देवीच्या फणीला पाच दिवस उरले असताना नाम्फामे पोंतियाबाईंच्या केसांना तेल लावत म्हणाली, "गुरुजी, यंदा मी देवळात जाणार नाही."

आता काय काय होऊ शकेल ते गुरुजींना लख्ख दिसत होतं. पेटी जाईल, बोलावणी बंद होतील. मोकळी केलेली दासी उपकार विसरली म्हणून फाबियाबाई तिला कार्थेजला मोठ्या न्यायाधीशापुढे उभी करू शकत होत्या. आणि तिथे ख्रिस्ताचं नाव निघालं असतं तर गोष्ट पेटीवर थांबली नसती, जिवावर आली असती.

"हे बघ नाम्फा," ते म्हणाले, "दगड म्हणजे देव असं शहाण्या माणसाने कधीच मानलं नाही. ईश्वर एक आहे आणि त्याला रूप नाही, हे तत्त्वज्ञांनी तुझ्या त्या सभेच्या कितीतरी आधी सांगून ठेवलंय. मूर्ती ही साध्या लोकांसाठी. लहान पोराला पाटीवर अक्षर काढून देतो ना, तशी."

"पोर मोठं झालं की पाटी खाली ठेवतं, गुरुजी."

"ठेवतं की."

"मग तुमच्या तत्त्वज्ञांपैकी एकानेही ठेवलेली मी पाहिली नाही. गेल्या वर्षी धूप टाकायला रांगेत सगळ्यांत पुढे तुम्हीच होता. घरात म्हणता रूप नाही, आणि देवळात जाऊन तेच अक्षर गिरवता. आम्ही अडाणी लोक तुमच्याकडे बघून शिकतो. आम्हाला वाटतं, एवढा शिकलेला माणूस वाकतो, तर आत काहीतरी असेलच."

पोंतियाबाई हसल्या. "अहो, सापडलात."

"रीत म्हणून वाकतो," गुरुजी म्हणाले. "सगळं गाव एका रीतीने बांधलेलं असतं. एक धागा ओढलास की वीण उसवते. आणि तुला तर काही करायचंच नाहीये. तू मूर्तीला हातसुद्धा लावत नाहीस. हवेत फणी फिरवतेस. हवा कुणाची आहे? मनात तुझ्या देवाचं नाव घे, हात हलव, घरी ये. कुणाचं काय बिघडलं?"

नाम्फामेचा हात थांबला. या वाटेचा विचार तिनेही केला होता, हे तिच्या चेहऱ्यावरून गुरुजींना कळलं.

"दोन रात्री हेच घोळत होतं," ती म्हणाली. "पण गुरुजी, हे हात कसे शिकलेत माहीत आहे? फणी अडकली की डोकं आखडतं. दुखलं की मान हलते. बरं वाटलं की खांदे सैल होतात. हजारो डोकी या हातांखालून गेली आणि प्रत्येकाने मला काहीतरी सांगितलं. त्या एका डोक्याने अकरा वर्षांत काही सांगितलं नाही. तिथे माझी बोटं नुसती नाटक करतात. आणि खाली उभ्या बायका रडतात, हात जोडतात. एकीचं मूल गेलेलं असतं, एकीला होत नसतं. त्यांना वाटतं मी कुणाच्या तरी केसांतून फणी फिरवतेय."

"आणि टोप? उसन्या केसांचे टोप चढवतेस, ते नाटक नाही?"

"टोपापुढे कुणी नवस बोलत नाही."

पोंतियाबाईंनी मान वळवली. "अगं, केस ओढला जातोय. देव कुठला ते नंतर ठरवा, आधी माझी वेणी घाल."

नाम्फामेने वेणी पुरी घातली. जाताना म्हणाली, "देवळाचा दरवाजा रात्री कडीकुलपात असतो. देवी आपल्याला राखते की आपण देवीला, हे मला एकदा विचारायचं होतं. राहू दे, तुम्हाला उगाच त्रास."

फणीच्या दिवशी गुरुजी पहाटेच देवळापाशी गेले. ती येणार नाही अशी त्यांची अटकळ होती, पण नाम्फामे आली. स्वच्छ धुतलेलं साधं वस्त्र, काखेत ती हस्तिदंती पेटी. पायऱ्यांखाली बायका दाटीने उभ्या होत्या, आरसा घेतलेली बाई जागेवर होती. नाम्फामे पायऱ्या चढली नाही. फाबियाबाई वर उभ्या होत्या, त्यांना ऐकू जाईल इतक्याच आवाजात ती बोलली.

"बाईसाहेब, तुमचे केस मी मरेपर्यंत करीन. तो शब्द दिलाय. देवीचे करणार नाही."

"तिन्हीत्रिकाळ लोकर पिंजणाऱ्यांच्या संगतीत बसतेस, म्हणून हे सुचतं," फाबियाबाई म्हणाल्या. त्या रागावल्या होत्या, पण त्याहून जास्त घाबरल्या होत्या, कारण सगळं गाव बघत होतं. "तुला जड काय पडतंय? नुसती हवा तर आहे."

"हवा असेल तर ती कुणीही विंचरू शकतं, बाईसाहेब. आणि हवा नसून खरंच कुणी असेल, तर मन नसलेल्या हाताने मी तिला फसवणार. दोन्हीकडून बघा, मी तुमच्या कामाची नाही."

एक म्हातारी कडाडली, "पाऊस नाही आला तर तुझ्या उंबऱ्यावर येऊन बसेन, पायगुणाच्ये."

"ये आजी. अंथरूण घालून देईन."

दोघी-तिघी हसल्या आणि लगेच गप्प झाल्या. फाबियाबाई पायऱ्या उतरून खाली आल्या. कार्थेजचं नाव त्या काढतील अशी गुरुजींना धास्ती होती. त्यांनी ते काढलं नाही. त्यांनी फक्त हात पुढे केला. नाम्फामेने पेटी त्यांच्या हातात दिली, वर झाकणाची किल्ली ठेवली आणि मागे वळून चालू लागली. फणी आरसेवालीच्या बहिणीने चालवली. तिला जमली नाही. गुरुजींनी रांगेत उभं राहून धूप टाकला. त्या दिवशी ते रांगेत शेवटी होते.

बोलावणी थांबली. सभेचे प्रमुख ओप्तातुस, ज्यांना सगळे 'वडील' म्हणत, ते मात्र खूश होते. ते तिच्या खोलीवर आले, बार्लीची पिशवी ठेवली आणि म्हणाले, "झालं ते बरं झालं, बहिणी. नट्टापट्टा हा सैतानाचाच धंदा. आता लोकर पिंज."

"वडील, मी दगडाची फणी सोडलीय, डोक्यांची नाही."

"केसांचा एवढा सोस कशाला?"

"डोकी कुणी घडवली?"

"देवाने."

"केस?"

"त्यानेच."

"मग तुमच्या सभेतल्या म्हाताऱ्यांच्या डोक्यांत उवा आहेत, त्या कुणी काढायच्या? मला एक फणी बघून द्या. साधी चालेल."

त्यांनी सुतार असलेल्या भावाकडून लाकडी फणी करून आणली. दात जरा जाड होते, ते नाम्फामेने वाळूवर घासून बारीक केले.

आता उरला होता शब्द. पुढच्या बाजाराच्या दिवशी, उजाडता उजाडता, ती फाबियाबाईंच्या दाराशी जाऊन बसली. दारवानाने विचारलं, "काय पाहिजे?"

"बाईसाहेबांचे केस."

"तुला आत घेऊ नको म्हणून सांगितलंय."

"माहीत आहे. मी यायचं ठरलंय, तुम्ही उघडायचं ठरलेलं नाही."

ऊन दारावर चढेपर्यंत बसली आणि परत गेली. पुढच्या बाजारालाही आली, आणि त्याच्या पुढच्याही. दारवान तिच्यासाठी भाजलेले चणे ठेवू लागला. पोंतियाबाई गुरुजींना म्हणायच्या, "जाऊन समजवा तिला." गुरुजी म्हणायचे, "काय समजवू? माझ्याकडचं सगळं सांगून झालंय."

आठव्या बाजाराच्या दिवशी दार उघडलं. कारण छोटंसंच होतं. फाबियाबाईंना मागच्या बाजूला तळहाताएवढं टक्कल होतं. ते चौदा वर्षं नाम्फामेला ठाऊक होतं आणि गावात दुसऱ्या कुणाला नाही. नव्या फणीवालीने पंधरा दिवसांत ते गावच्या सार्वजनिक न्हाणीघरभर केलं.

फाबियाबाई खुर्चीत पाठमोऱ्या बसल्या होत्या. "पेटी मिळणार नाही," त्या म्हणाल्या.

"नको. माझी फणी आहे."

"आणि देवीचं नाव काढायचं नाही."

"तुम्ही काढाल तर बोलेन. नाहीतर नाही."

फाबियाबाईंनी ते काढलं नाही. थोड्या वेळाने त्यांचे खांदे सैल झाले.

ही सगळी हकीकत नाम्फामेने पोंतियाबाईंच्या वेणीच्या वेळी सांगितली. ती सांगताना तिच्या आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता. गुरुजी अजूनही पेरणीच्या आधी धूप टाकायला जातात, पण का जातात हे तिला समजावून सांगणं त्यांनी सोडून दिलंय.

नाम्फामे आजही दोरखंडवाल्याच्या मागच्याच खोलीत राहते. बाजाराच्या दिवशी सकाळी फाबियाबाईंकडे, दुपारी अंजिराखाली पोंतियाबाईंकडे, आणि उरलेले दिवस सभेच्या म्हाताऱ्यांकडे. तिच्याकडे आता दोन फण्या आहेत, एक केसांची, एक उवांची, दोन्ही लाकडी.