मी दहावी नापास असताना

किहीमच्या एका कॉटेजची राखण करायला मी भंडाऱ्याहून आलो, तेव्हा मालकीण मॅडमनी विचारलं, "शिक्षण?" मी म्हणालो, "दहावी नापास जी." खरं तर मी सातवीनंतरच शाळा सोडलेली. पण सातवी पास म्हटलं की पोरगं अर्ध्या वाटेवरून पळालंसं वाटतं. दहावी नापास म्हणजे माणूस दारापर्यंत जाऊन आलेला. आमच्याकडे अर्धं गाव दहावी नापास आहे, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी दहावीचा वर्ग पाहिलेला नाही.

या नोकरीने मला खोली दिली, दोन वेळचं जेवण दिलं, समुद्र दिला. म्हणून ती जाईल ही धाकधूकही कायमची. पाहुणे ज्या झाडाखाली खुर्ची टाकतात त्याचे नारळ मी आधीच उतरवून घेतो. तरी ते बसले की वर बघत राहतो.

मागच्या थंडीत मॅडमच्या ओळखीचे एक म्हातारे प्राध्यापक आले, नॉर्वेचे. काही देश पुढे का जातात आणि काही मागे का राहतात, यातच त्यांची हयात गेली होती. न्याहारीच्या वेळी ते इंग्रजीत सांगत होते, मॅडम मला मराठीत. देश मोजायची मापं तीन. माणसं जगतात किती, कमावतात किती आणि शाळेत जातात किती वर्षं. मग सगळ्यांची सरासरी.

सगळ्यांची म्हणजे माझीही. मी चहा ओतता ओतता थांबलो. देश मागे का, याचं थोडंफार उत्तर किटली धरून उभं होतं.

प्राध्यापकांनी वही उघडली. माझ्याकडे बोट करून काही विचारलं. मॅडम कौतुकाने म्हणाल्या, "दहा वर्षं. नापास झाला, पण दहा." त्यांनी दहा लिहिले.

तेवढ्यात स्वयंपाकाच्या मावशी घावन घेऊन आल्या. त्या शेजारच्या थळ गावच्या, मासे धरणाऱ्या घरातल्या. दुसरीपर्यंत शिकलेल्या, आणि ते कुणापासून लपवत नाहीत. मॅडमनी त्यांनाच विचारलं, "मावशी, यांचा देश पुढे का गेला असेल?"

"बरफ," मावशी म्हणाल्या. "त्यांच्याकडं तो फुकट पडतो. मासली आठ दिस राहते. घेणारा भाव पाडाय लागला का ही मानसं त्याला सांगत असतील, जा, उद्या ये. आमचा बांगडा दुपारी मान टाकतो, मंग देईल तो भाव घ्या. ज्याला थांबता येतं तो मोठा व्हतो. आमाला थांबता न्हाय येत."

मॅडमनी ते इंग्रजीत सांगितलं. प्राध्यापक हसले, मग हसायचे थांबून लिहू लागले. त्यांचे आजोबाही मासे धरायचे म्हणे. "चार पुस्तकं लिहिली," ते म्हणाले, "बांगडा राहूनच गेला."

मला मात्र घर आठवलं. बाबांचा पाय मोडला तेव्हा दहावीला तीन वर्षं होती, आणि घराला तीन आठवडे थांबता येत नव्हतं. वहीत दहा तसेच राहिले, तर माझी शाळा का सुटली तेच खोटं पडणार होतं.

"मॅडम, त्यांना दहा खोडायला सांगा जी. सात."

"सात? मग नापास कशात झालास?"

"कशातच नाही. सातवीत तिसरा आलो होतो."

"अरे, मग खोटं नापास कशाला सांगितलंस?"

मनातल्या मनात मी बॅग भरायला घेतली होती, टॉवेल वाळत होता तेवढा राहिला होता.

"जाऊ द्या मॅडम," मावशी म्हणाल्या. "पोरानं तीन पायऱ्या जास्त सांगितल्या, पन खाली पडलो असंबी सांगितलं. फिटंफाट."

प्राध्यापकांना सगळं समजल्यावर हसून हसून त्यांचा चष्मा घावनावर पडला. मॅडम हसल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात त्या आल्या त्या सतरा नंबरचा फॉर्म घेऊनच, बाहेरून दहावीला बसायचा.

"मला खोटं बोलणारा माणूस नको," त्या म्हणाल्या. "तेव्हा सांगितलंस ते खरं करून दाखव. परीक्षेला बस, आणि रीतसर नापास हो. पास झालास तर बघू."

मी मान हलवली.

आता पाहुणे नसले की दुपारी मी त्यांच्याच खुर्चीत बीजगणित घेऊन बसतो. मावशी जाता जाता विचारतात, "काय बाला, झाला का नापास?"

"मार्चात, मावशी."

"थांब मंग. घाई न्हाय."

मी वर नारळ बघून घेतो आणि पान उलटतो.