जाड ऑइलची गाडी

पाण्याचे मीटर वाचणाऱ्या माणसाला अख्खी गल्ली ओळखते, पण आत या असं कोणी म्हणत नाही. तो आला की मागोमाग बिल येणार, हे शेंबड्या पोरालाही माहीत. या गृहस्थाला लोक ‘रीडिंग’ म्हणत. "रीडिंग आले गं, कुत्रं बांध," एवढंच त्याचं स्वागत. सव्वीस वर्षं तो लोकांच्या दारातल्या खड्ड्यात डोकं घालत आला होता. लोखंडी झाकण उचलायचं, फडक्यानं चिखल पुसायचा, दांड्याला बांधलेला छोटा आरसा आत सोडायचा आणि उलटा दिसणारा आकडा सुलटा करून वहीत मांडायचा. चूक म्हणून नाही. बायको म्हणायची, "माझा वाढदिवस विचारा, डोकं खाजवतील. कोपऱ्यावरच्या न्हाव्याचा मीटर नंबर मात्र झोपेत सांगतील."

फिरायला त्याच्याकडे मोटरसायकल होती. बँकेतल्या एका कारकुनाकडून घेतलेली, जुनी पण तुकतुकीत. दिवसभर मीटर, आणि सकाळ-संध्याकाळ बायकोला मागे बसवून तिच्या शिवणकामाच्या कारखान्यापर्यंत ने-आण. गेले काही दिवस उतारावर गाडी मध्येच कच खायची. मागून कोणी शेपटी धरून ओढावी तशी क्षणभर अडायची आणि सुटायची. चेन आवळायला झाली असेल, म्हणून त्यानं सोडून दिलं होतं.

एक दिवस तो त्या कारकुनाच्या जुन्या घराचा मीटर वाचायला गेला. आता तिथं भाडेकरू होता. "त्याची गाडी तुम्हीच घेतली ना?" म्हणत भाडेकरूनं कपाट तिरकं केलं आणि हलणाऱ्या पायाखालून चौपदरी घडी केलेला लिफाफा काढून दिला. "पाच महिने झाले येऊन. आमच्या कामाचा नव्हता, कपाटाच्या कामाला आला."

पत्र गाडीच्या कंपनीचं होतं. काही गाड्यांच्या इंजिनात बेअरिंग सदोष बसलंय, चालत्या गाडीत इंजिन अडकून मागचं चाक जागच्या जागी लॉक होऊ शकतं. म्हणून कंपनी गाड्या परत बोलावतेय. दुरुस्ती फुकट. दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवू नये. खाली चेसिस नंबर, इथून इथपर्यंत.

रीडिंगनं रस्त्यातच गाडी स्टँडवर लावली, हँडलखालची ग्रीस फडक्यानं पुसली, आरसा लावला आणि नंबर वाचला. दोन्ही टोकांच्या बरोब्बर मधोमध. उतारावरचा तो हिसका त्याला आठवला. हिसका बसला तेव्हा बायको मागे होती, मांडीवर डबा घेऊन.

त्यानं फोन लावला. आधी वाजंत्री ऐकली, मग आणखी वाजंत्री, मग एक पोरगी बोलली.

"आमच्याकडे मालक म्हणून दुसरं नाव दिसतंय, सर."

"त्यानं विकली. म्हणून तर पत्र त्याच्याकडे गेलं. आता माझ्या नावावर आहे."

"मग कागदपत्रं पाठवा, नाव बदलून घ्या, नंतर तारीख मिळेल."

नाव बदलायला आठवडा गेला. मग फोन आला, उद्या गाडी घेऊन या.

"चालवू नका, असं तुम्हीच लिहिलंय ना? मग आणू कशी, डोक्यावर?"

"ते तुम्ही बघा, सर."

त्यानं बघितलं आणि चूक केली. पहिल्या गिअरात, रस्त्याच्या कडेकडेनं, मागून येणाऱ्यांच्या शिव्या खात तो गाडी चालवत सर्व्हिस सेंटरला घेऊन गेला. तिथल्या मिस्त्रीनं इंजिन सुरू केलं, डॉक्टरसारखी नळी कानाला लावून दोन मिनिटं ऐकलं आणि काउंटरवरच्या बाईंना सांगितलं, "आवाज नाही."

"आवाज नसेल तर बेअरिंग चांगलं," बाई म्हणाल्या. "खडखड आली तरच बदलायचं, असा नियम आहे." आणि टाकीखाली हिरवा स्टिकर चिकटवून मोकळ्या झाल्या.

"पण उतारावर चाक अडतंय, त्याचं काय?"

"मशीनमध्ये ओके दाखवतंय."

परत येताना पुलाच्या उतारावर चाक पुन्हा अडलं. या वेळी हिसका असा बसला की तो जवळजवळ हँडलवरून पुढे गेला. तिथून त्यानं गाडी ढकलत थेट मेव्हण्याच्या गॅरेजात आणली. बायकोचा हा धाकटा भाऊ पत्र्याच्या शेडमध्ये गाड्या दुरुस्त करायचा. आवाज ऐकून रोग सांगतो, अशी त्याची ख्याती. निदान त्याच्या तोंडून तरी.

"आवाज नाही म्हणतात रे," रीडिंग म्हणाला.

मेव्हणा खुशीत हसला. "असेल कसा? आवाज होता की दाजी, दोन वर्षांपूर्वी. मी घालवला."

"घालवला म्हणजे?"

"ट्रकचं जाड ऑइल टाकलं, तेव्हापासून दर वेळी तेच घालतो. इंजिन कसं लोण्यावर चालल्यासारखं. आजवर कळलं तुम्हाला? याला म्हणतात हात!"

रीडिंग मटकन टायरवर बसला. "गाढवा, तो आवाज म्हणजेच रोग होता. खोकला बसवलास आणि फुफ्फुस तसंच ठेवलंस."

हे घरी कळल्यावर बायकोनं हातातलं झाकण आपटलं. भावाला बोलावून घेतलं आणि दारातच उभं केलं. "सख्ख्या बहिणीच्या बुडाखाली बाँब ठेवलास रे! आणि वर हात म्हणे. तो हात आधी पुस."

"ताई, मला काय ठाऊक कंपनीचाच माल खराब असेल ते! आवाज आला की लोक म्हणतात घालव. मी घालवतो."

"आता आण परत."

दुसऱ्या दिवशी मेव्हण्यानं जाड ऑइल काढलं आणि कंपनीच्या पुस्तकात सांगितलेलं पातळ ऑइल भरलं. किक मारली. डब्यात खडे घालून हलवावेत तसा इंजिनातून खडखडाट सुटला. मेव्हण्यानं पटकन इंजिन बंद केलं. त्याचा चेहरा उतरला होता. फडक्याला हात पुसत म्हणाला, "बसा, हळूच नेऊ."

"एक पाऊलसुद्धा नाही. ढकल."

सर्व्हिस सेंटर चार किलोमीटरवर. टेंपो मिळेना, मिळाला तो गाडी आडवी घालून न्यायला तयार होईना. मग दोघांनी भर उन्हात गाडी ढकलली. रस्ताभर ओळखीचे लोक. "काय रीडिंग, गाडीला फिरायला काढलंत?" "मेव्हण्याचा बैल केलात का हो?" मेव्हणा घामानं निथळत, मान खाली घालून ढकलत राहिला.

काउंटरवर बाईंनी नंबर टाकला. "तुमची तपासणी झालीय. फाइल बंद."

"पुन्हा उघडा. आता आवाज येतोय. आधी जाड ऑइलखाली दबला होता."

"सर, एकदा बंद झाल्यावर मला उघडता येत नाही."

रीडिंगनं सव्वीस वर्षांत लोकांच्या शिव्या ऐकल्या होत्या, कुत्री अंगावर घेतली होती, पण घाबरला होता तो एकाच वाक्याला. तेच त्यानं वापरलं.

"हरकत नाही. मग एक लेखी द्या. हा चेसिस नंबर, ही तारीख, ही गाडी चालवायला सुरक्षित आहे. खाली तुमची सही. नसेल द्यायचं, तर तक्रारीची पोच द्या. एक प्रत कंपनीला जाईल, एक सरकारी खात्याला."

बाईंनी पेन उचललं. खाली ठेवलं. आत गेल्या. मिस्त्री नळी न घेताच बाहेर आला, कारण आता नळीची गरजच नव्हती. किक मारली आणि दारातला वॉचमनसुद्धा वळून बघायला लागला.

फाइल उघडली. इंजिन खोलायचं ठरलं. फक्त, ते बेअरिंग शिल्लक नव्हतं.

"सहा आठवडे," बाई म्हणाल्या. "थोडं पुढे-मागे."

"मागे कधी होतं का हो?"

बाईंनी पावतीवर शिक्का मारला. गाडी तिथंच ठेवून, तारीख घातलेली पावती खिशात घेऊन दोघं चालत निघाले. जीव वाचला याचा आनंद करावा, तर उद्यापासून पाण्याचे तीनशे मीटर पायी फिरून वाचायचे होते आणि बायकोला बसच्या रांगेत तासभर आधी उभं राहायचं होतं. रीडिंग तोंडातल्या तोंडात कंपनीच्या सात पिढ्या मोजत होता. तेवढ्यात मेव्हणा थांबला.

"दाजी, अशा अजून सहा आहेत."

"कशा?"

"याच मॉडेलच्या. सगळ्यांत मीच जाड ऑइल टाकलंय. तिघं तर तपासून, स्टिकर लावून आलेत."

रीडिंगनं भर रस्त्यात हात जोडले. कुणाला ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वही घेऊन पायी निघाला आणि मेव्हण्याला पान्यांच्या पिशवीसकट बरोबर घेतलं. दोन घरी लोक बाहेर गेले होते. तिसऱ्या घरी अंडीवाला गाडीवर ट्रे रचून निघण्याच्या तयारीत होता.

"आवाज नाही, धूर नाही, पेट्रोलही कमी खाते," तो म्हणाला. "स्टिकर बघा, हिरवागार. बिघडलंय काय?"

"आवाज मी दाबलाय, काका," मेव्हणा म्हणाला.

"झकास दाबलायस की! बाजूला हो."

मेव्हणा बाजूला झाला नाही. त्यानं हात घालून किल्ली काढली, खिशात टाकली आणि तिथंच बसून इंजिनखाली तसराळं सरकवलं. "शिव्या द्या, काका. ऑइल निघाल्यावर तुमच्या कानांनी ऐका, मग ठरवा."

"आणि अंडी? अंडी काय तुझा बाप पोचवणार?"

"बाप गेला. दाजी पोचवतील."

रीडिंगनं मेव्हण्याकडे असं बघितलं की दुसरा कोणी असता तर पळाला असता. मग त्यानं वही काखेत मारली आणि वरचा ट्रे उचलला.

"कुठल्या दुकानात?" त्यानं अंडीवाल्याला विचारलं.