माझं रविवारचं चायनीज चिकन

एखादं काम माणसाला नीट जमलं की त्याचा किस्सा होत नाही. अलका, म्हणजे माझी बायको, लग्न झाल्यापासून वांग्याचं भरीत करते. त्यावर एकही किस्सा नाही. लोक येतात, खातात, बोटं चाटतात, घरी जातात. विषय संपला! माझ्या चायनीज चिकनचं वय जेमतेम चार वर्षं, पण चार माणसं जमली की किस्से दोन तास पुरतात. यावरून काय ते समजा.

मी जळगावच्या एका कॉलेजात केमिस्ट्री लॅबचा असिस्टंट. "मोजून घ्या, जपून ओता, लेबल वाचा," हे पोरांना सांगण्यात जन्म गेला. स्वयंपाकघरात शिरलो आणि तिन्ही विसरलो.

*

सुरुवात एका गाडीवर झाली. मी, अलका आणि आमची मुलगी नेहा चायनीज चिकन खात उभे होतो. गाडीवाला धगधगत्या आचेवर कढई हलवत होता, दोन मिनिटांत प्लेट समोर! तोंडात घास असतानाच मी बोलून गेलो, "यात काय एवढं? हे तर घरीही होईल."

अलका दोनच शब्द बोलली. "मग करा."

रविवारी केलं. व्हिडिओतल्या बाईंनी सांगितलं, चिकनचे तुकडे कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवा आणि तळा. आमच्या घरचे डबे सगळे स्टीलचे, सगळे एकसारखे. एकात पांढरं पीठ दिसलं, तुकडे घोळवले, कडकडीत तेलात सोडले. आधी सोनेरी झाले. मग तांबूस. मग चकचकीत. आणि मग एकमेकांना असे चिकटले की झाऱ्यानेही सुटेनात.

ती पिठीसाखर होती!

नेहाने तो अखंड गोळा ताटलीवर आपटून पाहिला. ताटली वाजली, गोळ्याला काही झालं नाही. अलकाने एक कोपरा मोडून तोंडात टाकला, शांतपणे चावला आणि म्हणाली, "चिक्की छान झालीय हो. फक्त शेंगदाण्याच्या जागी कोंबडी पडलीय."

*

दुसऱ्या वेळी म्हटलं, सामान तरी अस्सल हवं. व्हिडिओत सेलरी नावाची भाजी होती, कोथिंबिरीच्या थोरल्या भावासारखी दिसणारी. पिशवी घेऊन बाजारात गेलो. आमच्या नेहमीच्या भाजीवाल्या अक्का मेथीच्या जुड्या बांधत होत्या.

"अक्का, सेलरी आहे का?"

अक्कांनी मान वर केली. माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं बघितलं.

"आपल्याला कुठली सॅलरी, भाऊ? ती तुम्हा नोकरीवाल्यांना!"

मी कोथिंबीर घेऊन परत आलो.

*

माझे वडील, आबा, चोपड्याकडच्या आमच्या गावी राहतात. केळीचा बाग सोडून ते कुठे फारसे जात नाहीत. डोळे तपासायला म्हणून दोन दिवस जळगावला आले. मला उत्साह आला. आबांना काहीतरी नवीन खाऊ घालू!

व्हिडिओत सांगितलं होतं, डार्क सोया सॉस एक चमचा. बाटलीचं भोक बारीक, म्हणून मी झाकण काढलं आणि बाटली उलटी केली. निम्मी बाटली कढईत गेली. चिकन असं काळं झालं की कढई कुठे संपते आणि चिकन कुठे सुरू होतं तेच दिसेना.

आबांपुढे ताट ठेवलं. त्यांनी नवा चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हाई काय शे रे?"

"चायनीज चिकन शे, आबा."

आबांनी एक तुकडा बोटाने उलटा केला. दुसऱ्या बाजूनेही तेवढाच काळा!

"हाऊ कोंबडा चीनथीन चालत उना का रे? उनमा बठ्ठा काया पडी गया!"

"चीनहून उन्हात चालत आला!" म्हणत नेहा हसता हसता खुर्चीवरून घसरली. आबांनी मात्र ते सगळं खाल्लं. ताटात काही टाकायचं नाही, हा त्यांचा नियम. जाताना एसटीत बसल्यावर खिडकीतून अलकाला म्हणाले, "सूनबाई, तू जपीसन ऱ्हाय." माझ्याकडे बघितलंही नाही.

*

मग मला कढई उडवायचं वेड लागलं. गाडीवाला कसा एका हाताने कढई झटकतो, भाज्या हवेत जातात आणि पुन्हा कढईतच येतात! मी आठवडाभर गच्चीवर कढईत शेंगदाणे घेऊन सराव केला. चिमण्यांचं चांगलं चाललं.

रविवारी खऱ्या चिकनवर प्रयोग केला. झटका जोरात बसला. माल वर गेला तो झकास, खाली येताना मात्र प्रत्येक तुकड्याने आपापला मार्ग निवडला. ओट्यावर, फ्रीजवर, माझ्यावर. शर्टावर पुढून डाग दिसला नाही, म्हणून सोमवारी तोच घालून कॉलेजात गेलो.

प्राचार्यांच्या केबिनमध्ये रजिस्टरवर सही घ्यायची होती. त्यांचं पेन चालेना. मी खिशातलं माझं तत्परतेने पुढे केलं. त्यांनी टोपण काढलं, सही करता करता थांबले. पेन नाकाजवळ नेलं. मग बोटांचा वास घेतला.

खिशात काल एक तुकडा बसून गेला होता, हे मला तेव्हा कळलं.

प्राचार्यांनी सही पूर्ण केली, पेन परत दिलं आणि शिपायाला हाक मारली, "अरे, डबा आण माझा. आज लवकरच भूक लागली!"

*

आमच्या कॉलेजचे हेडक्लार्क गुलाबराव माझे जुने मित्र. माझ्या चिकनची कीर्ती ऐकून एक दिवस म्हणाले, "आम्हाला कधी बोलावणार? आणि तिखटाची काळजी करू नका. खान्देशी माणूस आहे मी, लहानपणी दुधाऐवजी ठेचा खाल्लाय!"

व्हिडिओत म्हटलं होतं, आठ-दहा सुक्या लाल मिरच्या. पण त्या बाईंच्या मिरच्या कुठल्या आणि आमच्या गावच्या कुठल्या! हा विचार मला मिरच्या तेलात पडल्यानंतर आला. असा ठसका उठला की अलका मागच्या दाराने बाहेर, नेहा पुढच्या दाराने बाहेर. वरच्या मजल्यावरचे लोक गॅस लीक झाला म्हणून मुलांसकट रस्त्यावर! मी एकटा नाकाला टॉवेल बांधून किल्ला लढवत राहिलो.

गुलाबराव जेवायला बसले. पहिला घास घेतला आणि बोलणं बंद झालं. दुसऱ्या घासाला कान लाल झाले. तिसरा घास घेतलाच नाही. डोळ्यांतून घळाघळा पाणी, पण माघार घेतील तर गुलाबराव कसले? त्यांनी फक्त कोपऱ्यातल्या केळीच्या फणीकडे बोट दाखवलं. मी फणी पुढे ठेवली. एक, दोन, तीन... सात केळी संपली!

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांनी विचारलं, "काय गुलाबराव, कसं होतं जेवण?"

गुलाबराव गंभीरपणे म्हणाले, "फार उत्तम. केळी तर अशी गोड की विचारू नका!"

*

आता शेवटचा. हा सांगताना मी अजूनही जरा सावरून बसतो.

नेहाला शिरपूरला नोकरी लागली. त्यानंतर वर्षभरात धुळ्याचं एक स्थळ आलं. मुलगा रोहन, तोही शिरपूरलाच इंजिनिअर. दोघं तिकडे दोनदा चहाला भेटले. नेहाला मुलगा आवडला होता. तसं ती बोलली नाही, पण सुट्टीला घरी आली की फोन उशाशी, आणि वाजला की पहिल्याच रिंगला उचलायची. तिकडून मात्र हो नाही, नाहीही नाही.

एक दिवस रोहनच्या वडिलांचा फोन आला. "रविवारी आम्ही तिघं जेवायलाच येतो. तुम्ही चायनीज चिकन करता म्हणे. तेच करा!"

अलका म्हणाली, "त्यांना सांगा, गॅस संपलाय."

नेहा म्हणाली, "नाही. बाबा, तुम्हीच करा. कुठल्या घरातली मुलगी आहे ते त्यांना कळू दे."

त्या रविवारी मी आयुष्यात पहिल्यांदा लॅबसारखा स्वयंपाक केला. प्रत्येक डब्याला लेबल. सॉस चमच्याने मोजून. मिरची साधी, बिया काढून. कढई उडवली नाही. रंग बघून मला माझाच अभिमान वाटला.

चूक झाली ती मिठात. मीठ मी घातलं होतं. मी विसरलो असणार या खात्रीने, मी शर्ट बदलायला गेल्यावर अलकाने घातलं. आम्ही दोघंही विसरलो असणार या खात्रीने नेहाने घातलं. आणि सोया सॉस तर मुळातच खारट!

पानं वाढली. पहिल्या घासालाच मला कळलं. रोहनच्या आईने घास पाण्याबरोबर गिळला. मग म्हणाली, "रंग छान आलाय." वडिलांनी तिसरा ग्लास रिकामा केला. "जळगावचं पाणी गोड आहे हो!"

रोहन मात्र खाली मान घालून खात होता. ताट साफ केलं. आणि म्हणाला, "काका, अजून थोडं वाढता?"

मी एकाच भांड्यातून त्यालाही वाढलं आणि नेहालाही.

ते गेले. पाच दिवस फोन नाही. नेहा शिरपूरला परतली होती, आमच्याशी हो-नाही एवढंच बोलायची. मी कढई घासून माळ्यावर टाकली.

सहाव्या दिवशी फोन वाजला. "आमचा होकार आहे. साखरपुडा धुळ्यात करू."

मग मला कोण आवरणार? सगळ्या नातेवाइकांना सांगत सुटलो, लग्न माझ्या चिकनने जमवलं! साखरपुड्याच्या दिवशी जेवणं झाल्यावर मी रोहनला बाजूला घेतलं.

"रोहनराव, आता तुम्ही घरचेच. त्या दिवशीचं चिकन कसं झालं होतं? अगदी खरं सांगा."

त्याने आधी नेहा कुठे आहे ते बघितलं. ती लांब मैत्रिणींत हसत होती.

"काका, खरं सांगू? पहिला घास घेतला आणि मी तिच्याकडे बघितलं. ती तेच खात होती, आणि हसत होती. मला वाटलं, तिच्या ताटात वेगळं असेल. म्हणून दुसऱ्यांदा वाढून घेतलं, दोघांना एकाच भांड्यातून. तरी ती हसतेच आहे! तेव्हाच ठरवलं. जी मुलगी दर रविवारी हे खाऊन एवढी आनंदात राहू शकते, तिला आमच्या घरात काहीच जड जाणार नाही!"