मूठभर तुरीची डाळ

सिस्टर आमच्या पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात आल्या की बसण्याआधी पर्समधून कागदाची पुडी काढून माझ्या टेबलावर ठेवायच्या. पुडीत मूठभर तुरीची डाळ. "साहेब, आधी ही शिजवून बघा. मग बोला."

बाई सावद्याच्या, नोकरी धुळ्याजवळच्या एका खेड्यातल्या आरोग्य उपकेंद्रात. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. ती दारात दिसली की आपल्याला नेमका महत्त्वाचा फोन येतो. मलाही यायचा.

त्या खेड्यात मी बोअर घेतला, टाकी बांधली. पाण्याचा तपासणी अहवाल चोख. तरी दर पावसाळ्यात कावीळ यायचीच. शेवटी सिस्टरांनी मला धरून एका घरात नेलं. चुलीपुढे आजी बसल्या होत्या. "तुमनं पानी चोखं शे, भाऊ," त्या म्हणाल्या, "पन डाय शिजत नही."

बोअरच्या पाण्यात क्षार फार. डाळ शिजावी म्हणून बायका नाल्याकाठच्या जुन्या विहिरीवरून हंडा आणायच्या, आणि पिण्यालाही तोच हंडा. मी जंतू तपासून घेतले होते. वरण कसं होतं, हे कुणाला विचारलंच नव्हतं.

"ती विहीरच नीट करून नळाला जोडा," सिस्टर म्हणायच्या. "तुम्ही नि आमचे डॉक्टर एकदा एका टेबलाशी बसा. चहा मी पाजते."

मी आरोग्य खात्याला पत्र पाठवलं. उत्तर आलं, विहीर तुमचा विषय. माझ्या वरिष्ठांनी शेरा मारला, कावीळ त्यांचा. मी फाईल कपाटात ठेवली. भांडायला हवं होतं. मी भांडलो नाही, याची लाज अजून जात नाही.

त्या श्रावणात त्याच आजींची नातसून काविळीनं गेली. पहिलटकरीण, आठवा महिना. दुसऱ्या दिवशी सिस्टर आल्या, पण पुडी काढली नाही. "तिच्या डोहाळजेवणाला मी होते हो," एवढंच म्हणाल्या. महिन्याभरात नोकरी सोडून सावद्याला निघून गेल्या. माझा फोन त्यांनी कधी उचलला नाही.

परवा ड्रॉवर आवरताना त्यांची एक पुडी सापडली. ती घेऊन त्या खेड्यात गेलो. आजींच्या चुलीवर माझ्या टाकीचं पाणी ठेवलं, डाळ टाकली. अख्खी दुपार गेली. एकही दाणा मऊ झाला नाही.

आजींनी पातेल्यात डोकावून पाहिलं. रिकामा हंडा उचलला आणि विहिरीकडे निघाल्या.