कुठलाही झेंडा दाबा, रफिकभाईच!

चहा आधी संपवा, मग सांगते. कारण ऐकताना तुम्ही हसणार, आणि चहा माझ्याच सोफ्यावर सांडणार. माझी अशी फजिती झालीय की चिखलीच्या त्या गल्लीतून मी अजून स्कूटी जोरात काढते, मान खाली घालून!

मी वेबसाइट बनवते. फ्लेक्सही करते, कारण चिखलीत नुसत्या वेबसाइटवर घर चालतं होय? पण रुबाब कशाचा? वेबसाइटचा! फ्लेक्सचं मी चारचौघांत नावसुद्धा काढत नव्हते.

आमच्या जवळच रफिकभाई शेखांचं वर्कशॉप आहे. गाड्यांना लागणाऱ्या स्प्रिंगा बनवतात. माणूस सोन्यासारखा, आणि माल त्याहून चोख. चाकणला एक जर्मन साहेब येणार होता, क्लाउस नावाचा. त्याला माल पटला तर थेट जर्मनीची ऑर्डर! रफिकभाईंची भूक मेली होती काळजीनं.

"ताई, वेबसाइट अशी करा, की जर्मनीत कुणी स्प्रिंग शोधली तर आपणच दिसलो पाहिजे. जर्मन, जपानी, इंग्रजी, सगळ्या भाषांत करा. आणि मराठीत पण. आपली माणसं काय परकी आहेत का?"

माझी जुन्या कंपनीतली मैत्रीण वैशाली तळेगावला राहते. तिनं फोनवर बजावलं, "हे बघ, प्रत्येक भाषेच्या पानाला स्वतःचा वेगळा पत्ता दे. कंपनीच्या नावापुढे तिरकी रेघ मारायची, मग जर्मनचं वेगळं, जपानीचं वेगळं. सर्चचं मशीन बहुतेक एकाच देशातून येऊन बघून जातं. त्याला जे पान दिसेल तेच ते जगाला दाखवणार."

"मला शिकवतेस?" मी म्हटलं. आणि फोन ठेवला.

कारण माझी आयडिया काय होती माहितीये? पत्ता एकच! बघणारा कुठल्या देशात बसलाय हे वेबसाइटच ओळखणार आणि तिथली भाषा दाखवणार. जर्मनीत जर्मन, जपानात जपानी, बाकी जगाला इंग्रजी, आणि भारतात मराठी. भारतात बसून जर्मन कोण वाचणार आहे? तुम्हीच सांगा! वर शोभेला चार भाषांचे चार झेंडे लावले. रफिकभाई तर खूशच झाले. "म्हणजे पाहुणा बघून ताट वाढायचं! वा ताई!"

आता मराठी पान. मजकूर लिहायचा आला होता कंटाळा. म्हणून तात्पुरता म्हणून, रफिकभाईंच्या वाढदिवसाला कामगारांनी माझ्याकडून करून घेतलेला फ्लेक्सच तिथे डकवला. डोळ्यावर गॉगल, कानाला मोबाइल, आणि खाली मोठ्या अक्षरांत: 'कामगारांचं काळीज, स्प्रिंगसम्राट रफिकभाई शेख यांचा आज वाढदिवस! कोटी कोटी शुभेच्छा!'

"हे काढायचंय हं, रफिकभाई."

"काढता कशाला? राहू द्या की! मी सासुरवाडीला पाठवलंय, सगळे म्हणतात, नादच खुळा!"

राहू दिलं.

मग तो दिवस उजाडला. साहेबाला वेबसाइट दाखवायला मला मुद्दाम बोलावलं होतं. मी इस्त्रीची साडी नेसून हजर. क्लाउस साहेब गाडीतून उतरला, तर हातात केकचा हा एवढा खोका!

"हॅपी बर्थडे, मिस्टर रफिक!"

रफिकभाईंनी माझ्याकडे बघितलं. "ताई, आज माझा वाढदिवस आहे?"

"मला काय विचारता? तुमचा आहे!"

त्यांचा वाढदिवस कधीच होऊन गेला होता, राव. पण ऑर्डर घेऊन आलेल्या पाहुण्याला नाही कसं म्हणणार? तेवढ्यात परभणीचा बालाजी सुपरवायझर धावत आला. "मालक, बड्डे हाय अन् आम्हाला सांगतबी नाईत?" मशिनी थांबल्या. सुरी सापडेना म्हणून मापाच्या स्टीलपट्टीनं केक कापला. पहिला घास साहेबाच्या तोंडात आणि दुसरा, आपल्या रिवाजाप्रमाणे, साहेबाच्या गालावर! साहेब तसाच हसत उभा.

मला कळेना हे कुठून उपटलं. म्हटलं, आपण आपलं काम करावं. "सर, प्लीज, तुमच्या मोबाइलवर आमची वेबसाइट उघडा. ती तुमच्याशी जर्मनमध्ये बोलेल."

त्यानं उघडली. गॉगलवाले रफिकभाई!

"सर, जर्मन झेंडा दाबा." दाबला. रफिकभाई! जपानी दाबला. रफिकभाई! इंग्रजी दाबला, तरी कोटी कोटी शुभेच्छा! अहो, प्रत्येक झेंडा त्याच एका पत्त्यावर नेत होता, आणि पत्ता इमानदारीत बघत होता: माणूस कुठाय? चिखलीत. मग मराठी!

साहेब गालावरचं क्रीम पुसत म्हणाला, "कालपासून हेच येतंय. शेवटी हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या मुलीकडून वाचून घेतलं. ती म्हणाली, मालकांचा आज वाढदिवस आहे."

तरी मी हट्टानं म्हटलं, "सर, जर्मनीत बरोबर दिसते! विचारा कुणालाही!" त्यानं तिथल्या ऑफिसात फोन लावला. पत्ता टाकल्यावर जर्मन पान खरंच उघडलं! मी रफिकभाईंकडे असं बघितलं, जशी काही मीच ऑर्डर मिळवली. मग त्यानं तिकडच्या माणसाला स्प्रिंगचं नाव टाकून शोधायला सांगितलं. त्यानं शोध शोध शोधलं. आम्ही कुठेच नव्हतो! मशीन तिसऱ्याच देशातून येऊन इंग्रजी पान बघून गेलं होतं. जर्मन पान आहे, हे त्याला कळणार कुठून?

वैशालीचा आवाज माझ्या कानात घुमत होता.

रफिकभाई साहेबाला मशिनीवर घेऊन गेले. त्यानं स्प्रिंगा दाबल्या, ताणल्या, मोजल्या आणि तिथेच नमुन्याची ऑर्डर दिली. रफिकभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, खोटं कशाला बोलू? माझ्यामुळे हातची जाणार होती ती.

साहेब गेल्यावर मी पुढे झाले. "रफिकभाई, चूक माझी. सगळ्या भाषांना वेगवेगळे पत्ते देते, नव्यानं. जगात कुठेही दिसाल."

"सावकाश करा, ताई," ते शांतपणे म्हणाले. "पण पुढच्या महिन्यात त्यांचे मोठे साहेब येणार आहेत. त्याआधी गेटवर जर्मनमध्ये स्वागताचा फ्लेक्स लावून द्या. फ्लेक्स कसाय, कुठल्याही देशात बसून बघा, तोच दिसतो."

मी निमूट पर्समधून पेन काढलं.

"किती बाय किती?"