बाईंचा ग्रह

पृथ्वीवर राहून पृथ्वीबद्दल इतकं कमी बोलणारं माणूस अख्ख्या लालबागमध्ये दुसरं सापडायचं नाही. शाळेत आम्हाला भूगोल शिकवणाऱ्या या बाई. लग्न केलं नाही. तीसेक वर्षं पोरांना नद्या-पर्वत पाठ करायला लावले आणि निवृत्त झाल्यावर "इथला पोर्शन संपला" असं जाहीर करून दूरच्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह हाती घेतले. शिवाजी पार्कला फिरणारी मंडळी नव्या फ्लॅटबद्दल बोलतात, तशा बाई ग्रहांबद्दल बोलतात. "अंतर बरोबर आहे रे, पाणीही असेल. पण एका बाजूला कायम ऊन. मला नाही चालायचं." एका ग्रहाचं वर्ष अकरा दिवसांचं निघालं, तेव्हा त्यांनी गणेश मंडळाच्या सेक्रेटरीला जिन्यात गाठलं. "विसर्जन करून परत येईस्तोवर तिथे पुढची चतुर्थी!" त्याने हात जोडले. "बाई, इथली एक आवरत नाही."

मग त्यांना कळलं, की ताऱ्यांच्या उजेडाचे आलेख घरबसल्या तपासून शास्त्रज्ञांना मदत करता येते. ग्रह ताऱ्यासमोरून गेला, की उजेड किंचित घटतो आणि आलेखात खड्डा दिसतो. रोज सकाळी पूजा आटोपली, की बाई भिंग घेऊन कॉम्प्युटरसमोर. पेपर तपासायची सवय, एक खड्डा सुटायचा नाही.

एक दिवस मला ऑफिसात बाईंचा फोन आला. "तीन खड्डे सापडलेत, अगदी सारख्या अंतराने. ये. पेढे आणू नकोस, अजून नक्की नाही." गेलो, तर बाई इस्त्रीची साडी नेसून बसलेल्या. शास्त्रज्ञांना ईमेल मी पाठवला.

"नाव ठरवलंय का?"

"जन्माआधी नाव सांगत नाहीत," त्या म्हणाल्या आणि लाजल्या. बाईंना लाजताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

उत्तर यायला अडीच महिने लागले. तेवढ्या दिवसांत बाईंनी दुसरा आलेख उघडला नाही. उत्तर आलं त्या संध्याकाळी मला समोर बसवून त्यांनी ते मोठ्याने वाचलं, मग वर्गात सांगायच्या तसं मराठीत समजावलं. "ग्रह नाहीये. दोन तारे आहेत, एकमेकांभोवती फिरणारे. एक दुसऱ्याच्या आड गेला, की उजेड कमी होतो."

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. बराच वेळ पुसला.

"बरंय," त्या म्हणाल्या. "दोघांना सोबत तरी आहे."

मी निघायला उठलो, तर म्हणाल्या, "आमटी आहे. भात टाकते. जेवून जातोस का रे?"

माझ्या घरी स्वयंपाक तयार होता. मी बायकोला फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं आणि बाईंनी दिलेले तांदूळ निवडत बसलो.