एक्स-रेवाल्याचा लाकडी कॅमेरा

लातूरच्या दवाखान्यात एक्स-रे काढणारा हा माणूस दिवसभर तीनच वाक्यं बोलायचा: "श्वास घ्या. रोखा. सोडा." आमच्या अण्णांची छाती त्यानं कैकदा काढलेली. दवाखान्यात कॉम्प्युटर आला, तेव्हा फेकायला निघालेल्या कोऱ्या फिल्म त्यानं घरी नेल्या. आता लाकडी कॅमेऱ्यात त्या घालून तो लहान फोटोंची मोठी निगेटिव्ह करतो आणि उन्हात निळे फोटो छापतो.

अण्णा गेल्यावर मी त्यांचा पासपोर्ट फोटो घेऊन गेलो. त्यानं तो भिंतीला लावला, कॅमेऱ्याच्या भिंगावरचं झाकण काढलं आणि सवयीनं म्हणाला, "अण्णा, श्वास घ्या. रोखा."

मग तो घड्याळाकडं बघत सेकंद मोजू लागला. मीही श्वास रोखून उभा होतो. वेळ झाल्यावर झाकण लावून तो माझ्याकडं वळला.

"तुमी सोडा आता," म्हणाला.